उष्णता वाहून आणणारे यंत्र : गोठत्या थंडीतला हीट पंप

आपल्या व्याख्यानमालेत यंत्राचा विषय सहसा येत नाही. या वर्षी तो घेण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांची मुले आज कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा उत्तर युरोपात संसार करीत आहेत. लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडांना सांभाळायला आईवडील तिकडे जातात आणि सहा-सहा महिने राहतात. सकाळी लेक-जावई किंवा मुलगा-सून कामावर गेली, की त्या घरात दिवसभर असतात ते आजी-आजोबा. बाहेर उणे १५ अंश सेल्सियस, आत तान्हे मूल आणि भिंतीवर एक छोटा पडदा. त्यावर आकडे आहेत, चिन्हे आहेत आणि घर ऊबदार राहणे त्याच्यावरच अवलंबून आहे. त्याच्यामागे जे यंत्र असते, ते आता बऱ्याच घरांत जुनी तेलाची किंवा गॅसची भट्टी नसून हीट पंप असते.

हे यंत्र भट्टीसारखे वागत नाही, म्हणून ते बिघडले असे वाटण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्यातून निघणारी हवा कोमटच असते. ते तासन्‌तास चालूच राहते. मधूनच थांबते, फुसफुसते आणि अंगणातल्या त्याच्या पेटीतून धुरासारखे लोट निघतात. घाबरून ते बंद केले, तर घर गार होते. आणि वीज वाचावी म्हणून सारखे चालू-बंद केले, तर बिल वाढते. हे सारे टाळायचे असेल, तर एकच गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी : हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही, ती बाहेरून आत वाहून आणतो. त्याच्या वापराचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

थंड हवेत उष्णता कुठून आली?

पहिली शंका स्वाभाविक आहे. बाहेर पाणी गोठते आहे, तिथून उष्णता आणायची कशी? याचे उत्तर असे, की ‘थंड’ हा शब्द आपल्या अंगाच्या मानाने आपण वापरतो. उष्णता अजिबात नाही अशी स्थिती येते ती सुमारे उणे २७३ अंशांवर. त्या मापाने पाहिले, तर उणे २० अंशांची हवा शून्यापासून २५३ अंश वर आहे. तिच्यात उष्णता पुष्कळ आहे. अडचण एवढीच, की उष्णता आपणहून गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते, उलट जात नाही. तिला उलट न्यायचे, तर काम करावे लागते. विहिरीतले पाणी आपणहून वर येत नाही, रहाटाने ओढावे लागते, तसेच हे. म्हणूनच या यंत्राच्या नावात ‘पंप’ हा शब्द आहे.

हे ओढण्याचे काम कसे होते, ते स्वयंपाकघरातल्या अनुभवाने समजते. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांवर न उकळता त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला उकळते. म्हणजे द्रव कोणत्या तापमानाला उकळणार, हे दाबावर ठरते. हीट पंपाच्या नळ्यांमध्ये असाच एक पदार्थ फिरत असतो. एसीचा मेकॅनिक ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो तोच. आर-३२ हा त्यातला एक प्रकार नेहमीच्या हवेच्या दाबाला सुमारे उणे ५२ अंशांवर उकळतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने उणे १५ अंशांची हवा ही चुलीवरच्या आचेसारखीच आहे. बाहेरच्या पेटीतल्या नळ्यांमध्ये तो कमी दाबाखाली आला, की त्या गार हवेतली उष्णता घेऊन उकळतो आणि त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, तशी ती दाबाने चांगली तापते. मग ती घरातल्या नळ्यांमध्ये येते, खोलीतल्या हवेला उष्णता देते आणि पुन्हा द्रव होते. पुढे एका बारीक झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो आणि ती पुन्हा बाहेर जायला तयार होते.

आपल्या फ्रिजमध्ये हेच चालते. फ्रिज आतल्या भाजी-दुधाची उष्णता काढून मागच्या बाजूने खोलीत सोडतो. म्हणून त्याची मागची किंवा बाजूची भिंत गरम लागते. हीट पंपाने सारे अंगण जणू फ्रिजच्या आत घेतले आणि घर त्याच्या मागच्या बाजूला ठेवले, असे समजावे.

कल्पना नवी नाही. ग्लासगोचे पदार्थवैज्ञानिक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने ओळखले गेलेले, यांनी १८५२ साली दाखवून दिले होते, की इमारत तापवण्यासाठी इंधन थेट जाळण्यापेक्षा त्या इंधनाच्या शक्तीने बाहेरची उष्णता आत ओढणे अधिक किफायतीचे आहे. १९३८ मध्ये झ्युरिकच्या नगरभवनात लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता काढणारा हीट पंप बसवला गेला. आज नॉर्वेत दहापैकी सुमारे सहा घरांत हीट पंप आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन या कडाक्याच्या थंडीच्या राज्याने २०१९ मध्ये ठरवले, की २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचे. तो आकडा त्यांनी २०२३ मध्येच ओलांडला. थंड मुलुखात हे यंत्र चालत नाही, हा समज आता मागे पडला आहे. ते नीट चालवावे मात्र लागते.

एका युनिटात किती उष्णता?

विजेचा साधा हीटर एक युनिट वीज घेतो आणि एक युनिट उष्णता देतो. त्याहून जास्त तो देऊच शकत नाही. हीट पंप मात्र एक युनिट वीज ओढण्याच्या कामाला लावतो आणि बाहेरून आणलेली उष्णता त्यात मिळवतो. बाहेर ७ अंश असताना चांगले यंत्र एका युनिटात चार युनिटांच्या आसपास उष्णता देते. उणे १५ अंशांवर, थंड प्रदेशासाठी खास बनवलेले यंत्र असेल, तर दोन ते अडीच युनिट. उणे २५ च्या सुमारास दीड युनिट. म्हणजे थंडी वाढते तसा फायदा कमी होतो, पण साध्या हीटरपेक्षा तो तेव्हाही जास्तच असतो.

फायदा कमी का होतो, हे विहिरीच्या दृष्टान्तातच आहे. पाणी जितके खोल, तितके ओढायला कष्ट जास्त. आत २० आणि बाहेर ७ असेल, तर उष्णता १३ अंश ‘वर’ चढवायची असते. बाहेर उणे १५ असेल, तर ३५ अंश. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. आतले तापमान २० ऐवजी २४ ठेवले, तर दोन्हीकडून तोटा होतो : घरातून बाहेर जाणारी उष्णता वाढते आणि प्रत्येक युनिट उष्णता अधिक उंच चढवावी लागते. अंगात स्वेटर आणि पायांत मोजे घालून २० अंशांत राहणे हे या यंत्राला फार मानवते. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, तर अर्थातच त्यांना लागते तेवढी ऊब ठेवावी.

थंडी वाढते तेव्हा नेमके काय होते?

कडाक्याच्या थंडीत यंत्रासमोर दोन अडचणी एकाच वेळी येतात. घराला उष्णता जास्त लागते आणि यंत्राची ती आणण्याची ताकद कमी होते. समजा, एखाद्या घराला बाहेर शून्य अंश असताना साडेतीन किलोवॅट उष्णता लागते. बाहेर उणे २० झाले, की त्याच घराला सात किलोवॅट लागेल. कारण आतबाहेरच्या तापमानांतला फरक २० वरून ४० वर गेला. उलट जे यंत्र ७ अंशांवर आठ किलोवॅट देत होते, ते उणे २० वर पाचच देईल. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्या तापमानाला समतोलबिंदू म्हणू. त्याच्या वर यंत्र एकटे घर सांभाळते. त्याच्या खाली त्याला मदत लागते.

ही मदत बहुतेक घरांत आधीच जोडलेली असते. कुठे वाहिनीत बसवलेल्या विजेच्या तारा असतात, कुठे जुनी गॅसभट्टी राखून ठेवलेली असते, कुठे लाकडाची बंदिस्त शेगडी असते. भिंतीवरच्या पडद्यावर ‘ऑक्स’ असे अक्षर दिसले, की ही मदत सुरू झाली असे समजावे. उणे २५ च्या रात्री ते दिसणे हा बिघाड नाही. पण बाहेर ३ अंश असताना ते तासन्‌तास दिसत राहिले, तर काहीतरी चुकते आहे. अशा वेळी मुलांना सांगावे. मदतीच्या या विजेच्या तारा एका युनिटाला एकच युनिट उष्णता देतात, हे विसरू नये. बिल फुगते ते त्यांच्यामुळे.

आजची यंत्रे पूर्वीपेक्षा थंडीत टिकतात याचे मोठे कारण म्हणजे इन्व्हर्टर. जुना कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने चाले, नाही तर बंद असे. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. घराला थोडीच उष्णता हवी असेल, तर तो हळूहळू, सतत चालतो आणि तेव्हाच सर्वांत कमी विजेत काम करतो. म्हणून हे यंत्र तासन्‌तास चालू राहिले तर वीज वाया जाते आहे असे समजू नये. त्याची चालच तशी आहे.

त्यातून येणारी हवा कोमट का, याचेही उत्तर इथेच आहे. भट्टीची हवा ५० ते ६० अंशांची असते, थोडा वेळ येते आणि थांबते. हीट पंपाची हवा साधारण ३५ ते ४० अंशांची असते आणि सतत येत राहते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश आहे. त्या झोतासमोर हात धरला, तर ती गरम लागणारच नाही. हात धरून पाहण्यापेक्षा खोलीतल्या तापमापकाकडे पाहावे.

बर्फ, वाफ आणि विनाकारण घबराट

आता त्या ‘धुरा’कडे वळू. हवेतून उष्णता घ्यायची, तर बाहेरची कॉइल हवेपेक्षाही गार असावी लागते. बाहेर २ अंश असले, तरी कॉइल शून्याच्या खाली असते. तिच्यावरून जाणाऱ्या हवेतले बाष्प तिथे गोठते आणि पांढरा थर धरतो. थर वाढला, की हवा आत शिरत नाही आणि उष्णता मिळत नाही. म्हणून यंत्र मधूनमधून स्वतःच तो थर वितळवते. त्यासाठी ते काही मिनिटे उलटे फिरते : घरातली थोडी उष्णता घेऊन बाहेरची कॉइल तापवते. बाहेरचा पंखा थांबतो, आतला झोत बंद होतो किंवा गार लागतो, झडप उलटताना जोराचा ‘फुस्स’ असा आवाज येतो, पाणी ठिबकते आणि गार हवेत वाफेचे लोट उठतात. तो धूर नसतो. त्याला जळका वास नसतो आणि साधारण दहा मिनिटांच्या आत सारे पूर्ववत होते.

ज्यांच्या घरी जुना एका दाराचा फ्रिज होता, त्यांना हे लगेच पटेल. त्याच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर साचायचा आणि मधले बटण दाबून तो डीफ्रॉस्ट करावा लागायचा. हे यंत्र तेच काम आपले आपण करते. ते चालू असताना मध्येच बंद केले, तर अर्धवट वितळलेले पाणी कॉइलवरच पुन्हा गोठते आणि पुढच्या खेपेला काम दुप्पट होते. म्हणून थांबावे, वाट पाहावी.

इथे एक उलटे वाटणारे सत्य आहे. बर्फ सर्वांत जास्त धरतो तो उणे २५ अंशांत नव्हे, तर शून्याच्या आसपास, धुके आणि ओल असताना. कारण गार हवेत बाष्प फार थोडे मावते. शून्य अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. उणे २० अंशांच्या हवेत एका ग्रॅमच्या आसपास. म्हणून १ अंशाच्या ओलसर दिवशी यंत्र उणे २० च्या कोरड्या दिवसापेक्षा अधिक वेळा ‘धूर’ सोडते. त्यात काळजीचे काही नाही. काळजी करावी ती सारी पेटी बर्फाचा गोळा झाली आणि दोन-तीन तासांतही मोकळी झाली नाही, तर. तेव्हा यंत्र बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. सुरी, उलथणे, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बर्फ खरवडू नये. फ्रीझरमधला बर्फ सुरीने काढताना नळीला भोक पाडलेली घरे आपल्याला माहीत आहेत. इथे नुकसान कितीतरी मोठे होते. उकळते पाणीही ओतू नये.

काटकसर कशात आहे?

आपल्या घरांत एक संस्कार पक्का असतो : खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद. तो चांगलाच आहे. दिवा बंद केला, की त्या काळाची वीज वाचते आणि पुन्हा लावताना जादा काही द्यावे लागत नाही. हीट पंपाचा हिशेब मात्र वेगळा आहे. तो आकड्यांत मांडून पाहू.

समजा, बाहेर उणे १० अंश आहेत, आत २०, आणि घराला पाच किलोवॅट उष्णता लागते. सकाळी नऊला आजोबांनी विचार केला, की आपण दोघे एकाच खोलीत बसणार, उगाच सारे घर कशाला तापवायचे. आणि यंत्र बंद केले. संध्याकाळी पाचपर्यंत घर हळूहळू १४ अंशांवर आले. या आठ तासांत घरातून बाहेर जाणारी उष्णता थोडी कमी झाली, कारण घर गार होत गेले. यंत्र चालू असते तर ४० युनिट उष्णता गेली असती. आता सुमारे ३६ गेली. म्हणजे बचत चार युनिट उष्णतेची. यंत्र एका युनिटात सव्वादोन युनिट उष्णता देत असेल, तर विजेची बचत दोन युनिटांहूनही कमी.

आता संध्याकाळचे पाहा. गेलेली ३६ युनिट उष्णता भिंतींतून, फरशीतून, पलंगांतून आणि पुस्तकांच्या कपाटांतून गेली आहे. ती सारी परत भरायची आहे. यंत्राची कमाल ताकद या थंडीत साडेसहा किलोवॅट असेल, तर त्यातले पाच घर टिकवण्यातच जातात आणि भरपाईला उरतो दीड. या गतीने घर पूर्ववत व्हायला २४ तास लागतील. थर्मोस्टॅट तेवढा वेळ थांबत नाही. तो मदतीच्या विजेच्या तारा चालू करतो. त्या तारांनी ३६ पैकी नुसती दहा युनिटे भरली, तरी त्यासाठी दहा युनिट वीज गेली. हीच उष्णता पंपाने साडेचार युनिटांत आणली असती. साडेपाच युनिटांचा तोटा झाला आणि वाचली होती दोनच. शिवाय संध्याकाळभर घर गार राहिले, ते वेगळेच.

म्हणून कडक थंडीत या यंत्राची काटकसर ‘बंद करण्यात’ नसते, ‘बदल न करण्यात’ असते. एक सोयीचे तापमान ठरवावे आणि ते तिथेच राहू द्यावे. रात्री झोपताना एक-दोन अंश कमी केले तर चालते. आठ-दहा अंश नव्हे. खोली लवकर तापावी म्हणून आकडा २८ वर नेऊ नये. त्याने मदतीच्या तारा मात्र लवकर चालू होतात. घर चार-आठ दिवस रिकामे राहणार असेल, तर १५-१६ अंशांवर ठेवून जावे. पूर्ण बंद केल्यास नळांतले पाणी गोठून नळ फुटतात. हा नियम तेल-गॅसच्या भट्टीला लागू नाही, कारण भट्टी कमी तापवली काय, जोरात तापवली काय, इंधनाच्या मानाने सारखेच देते. तिथे दिवसा आच कमी केली, तर खरोखर इंधन वाचते. बाहेर ८-१० अंशांची सौम्य थंडी असेल, तेव्हा हीट पंपालाही थोडा आराम दिलेला चालतो, कारण तेव्हा त्याच्याजवळ ताकद शिल्लक असते.

भिंतीवरचे युनिट असेल, तर रिमोटवर ‘हीट’ हीच पद्धत ठेवावी, ‘ऑटो’ नव्हे. दुपारी काचेतून ऊन आले, की ‘ऑटो’वरचे यंत्र खोली गार करायला निघते आणि संध्याकाळी पुन्हा तापवायला. झोत खाली वळवावा, कारण गरम हवा आपणहून वर जाते. जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावी. आपल्या फोडणीची वाफ आणि तेलकटपणा तिच्यावर लवकर बसतो, आणि जाळी तुंबली, की यंत्र दमते. एकाच युनिटावर दोन-तीन खोल्या तापत असतील, तर मधली दारे उघडी ठेवावीत.

बाहेरची राखण आणि वीज गेल्यावर

बाहेरच्या पेटीला आपल्याकडून एवढेच हवे असते, की तिला श्वास घेता यावा. ती जमिनीपासून उंच चौथऱ्यावर किंवा भिंतीवरच्या ब्रॅकेटवर असावी, म्हणजे साचलेला हिमवर्षाव तिला गाडणार नाही आणि वितळलेले पाणी खाली पडेल. हिमवर्षाव झाला, की पुढचा-मागचा बर्फ मऊ झाडूने बाजूला करावा. वितळलेले पाणी पायवाटेवर वाहून गोठत नाही ना, हेही पाहावे. त्यावर घसरून पडण्याचा धोका म्हाताऱ्या माणसांना सर्वांत जास्त. आणि माया म्हणून तिच्यावर ताडपत्री किंवा गोणपाट घालू नये. झाकलेल्या पेटीला हवाच मिळत नाही.

हिवाळ्यात या यंत्राचा मेन स्विच बंद करू नये. पुष्कळ यंत्रांत कॉम्प्रेसरचे तेल गार होऊ नये म्हणून एक छोटा हीटर सदैव चालू असतो. मेन बंद केला, की तोही बंद होतो, आणि गारठलेल्या तेलासह कॉम्प्रेसर सुरू करणे त्याच्या आयुष्याला घातक ठरते. खूप वेळ वीज जाऊन परत आली, तर यंत्र लगेच चालू करावे की थोडे थांबून, हे त्याच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. ते आधीच वाचून ठेवावे.

वीज गेली, की हीट पंप थांबतो. यात लपवण्यासारखे काही नाही. त्याची ही मर्यादाच आहे. पंखा विजेवर चालणारी गॅसभट्टीही तेव्हा थांबतेच. अशा वेळी सर्वांनी एका खोलीत जमावे, दारे लावून घ्यावीत, पडदे ओढावेत, रजया घ्याव्यात. चांगले बांधलेले घर काही तास ऊब धरून ठेवते. जे मुळीच करू नये, ते असे : बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे, गॅसच्या शेगड्या ऊब मिळावी म्हणून लावून ठेवणे किंवा अंगणातले जनरेटर घरात आणणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही आणि तो झोपेतच जीव घेतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अंगीठी पेटवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या आपण वाचतो. तिकडच्या हवाबंद घरांत हा धोका आणखी मोठा आहे.

आपल्याकडची थंडी

हे सारे दूर देशाचे वाटेल, पण ‘हॉट अँड कोल्ड’ या नावाने आपल्याकडे मिळणारा एसी हा हीट पंपच आहे. जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा कित्येक पहाटे पाच अंशांच्या खाली जातो आणि त्यातच दाट धुके असते. बर्फ सर्वांत जास्त धरण्याची स्थिती ती हीच, हे आपण वर पाहिले. म्हणून पहाटे असा एसी मधूनच थांबला आणि बाहेरच्या युनिटातून वाफ आली, तर तिथेही तेच उत्तर : थांबावे. दोन किलोवॅटचा रॉडचा हीटर तासाला दोन युनिट वीज घेऊन जेवढी उष्णता देतो, तेवढीच हा एसी पाऊण युनिटाच्या आसपास देऊ शकतो. मात्र आपल्या खिडक्यांच्या फटी आणि दारांखालच्या मोकळ्या जागा तशाच राहिल्या, तर कोणतेही यंत्र बाहेरचे अंगणच तापवत बसेल.

आपल्यापैकी जे या हिवाळ्यात मुलांकडे जाणार आहेत, त्यांनी पहिल्याच रविवारी, सारे घरी असताना, चार गोष्टी विचारून घ्याव्यात. घर कोणत्या आकड्यावर ठेवायचे? मदतीची उष्णता विजेच्या तारांची आहे की गॅसची, आणि ती चालू झाल्याचे पडद्यावर कसे कळते? बाहेरची पेटी कुठे आहे, आणि हिमवर्षावानंतर तिच्यापुढचा बर्फ कोण काढणार? वीज गेली, तर कोणाला फोन करायचा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी घंटा घरात कुठे बसवली आहे? ही उत्तरे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून थर्मोस्टॅटशेजारी चिकटवून ठेवावीत. मग दुपारी नातवंड झोपलेले असताना यंत्र एकाएकी थांबून फुसफुसू लागले, तरी त्याला हात लावायची गरज पडणार नाही.